उणे

रात्री साडेनऊला फ्रिजमधली छोटी बाटली काढते,
मुठीत धरून तिला ऊब देते, मग हाक मारते: श्वान!
ती उताणी पडते,
आधीच पापण्या घट्ट आवळून.
एक थेंब उजवीकडे. एक डावीकडे.
"आई, परत गालावर सांडलास."
सांडला तर सांडला, दुसरा टाकते.
डोळ्यांत तेल घालून जागावं म्हणतात.
थेंब तिच्या डोळ्यांत, जागी मी.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत,
वाढदिवसांच्या, नववर्षाच्या, एक उगाच मंगळवारची.
तिथे ती वाढली की आम्ही टाळ्या वाजवतो.
फ्रिजवर चुंबकाखाली दुसरा कागद:
२४.०२
२४.३१
मिलिमीटर. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत.
तिथे ती वाढली की जेवताना कुणी बोलत नाही.
एकाच लेकराला म्हणायचं मोठी हो,
आणि तेवढ्या एका जागी
थांब गं, थांब.

मी उणे अकरा.
चष्मा काढला की आरशात एक फिकट डाग दात घासतो.
चौतिसाव्या वर्षी उजव्या डोळ्यात विजा चमकल्या,
डॉक्टर ल्याओंनी लेझरने कडा शिवून दिल्या.
"ताणलेलं कापड आहे," म्हणाले, "जपा."
जपायचं असतं हे आठव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.
आई म्हणायची, अभ्यासू मुलीला चष्मा शोभतो,
आणि दिवा आणखी जवळ ओढून द्यायची.
प्रेमानेच.

ताइचुंगच्या कारखान्यात मी भिंगं तपासते,
फोनच्या कॅमेऱ्यात बसणारी, मसुरीच्या डाळीएवढी.
ओरखडा असला तर लाल डबी, नसला तर निळी.
दिवसाला अठराशे.
यातलंच एखादं कुठल्याशा पोरीच्या हातात जाणार,
नाकापासून वीतभर.
हे मी कुणाशी बोलत नाही.
पगार त्याचाच. थेंबही त्याचेच.

शाळेत आता मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप.
पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायची सोय नाही.
श्वान टोपी ओढून, औषधाने विस्फारलेल्या बाहुल्यांनी
उन्हात डोळे मिचकावत उभी असते. वैतागलेली.
"काय करू बाहेर?"
काही नको करूस. लांब बघ.
"लांब काय आहे?"
मला माहीत असतं तर.

रविवारी तोंगशीच्या किनाऱ्यावर, सासऱ्यांकडे.
खाडीत बांबूचे तराफे, खाली दोरांना लटकलेली कालवं.
त्यांना बहात्तरावं लागलंय, चष्मा फक्त पावत्या वाचायला.
बोट दाखवून नातीला विचारतात, किती?
ती कपाळावर हात धरते, ओठ हलवते:
"सतरा."
म्हातारा हसत नाही.
"तीन वादळात गेले गं. चौदा उरलेत."
गेल्या वर्षीचे होते ते. पाठ केलेले.
कधीपासून पाठ करतेय ही?
फळ्यावरचं? बसचे नंबर? माझा चेहरा?
मी पाठ वळवून कालवं फोडायला बसते.
चौदा की सतरा, मी कोण सांगणारी;
मला तर राखाडीवर राखाडी दिसत होतं.
तो मात्र तिला बांधाच्या टोकापर्यंत घेऊन गेला,
अंधार पडेपर्यंत दोघं आली नाहीत,
आली तेव्हा तिच्या चपला चिखलात हरवल्या होत्या.

मार्चमध्ये यंत्रावर हनुवटी टेकवली.
२४.४०
सहा महिन्यांत नऊ शतांश.
डॉक्टर ल्याओंनी आकडा दोनदा पाहिला.
"हळू झालंय," म्हणाले. "थांबलं नाही. हळू."
मी तो शब्द बसमध्ये मांडीवर घेऊन बसले,
अंडी आणावीत तसा.

आज नवा चष्मा, नाकावरून घसरणारा.
साडेनऊ वाजलेत, बाटली मुठीत,
आणि ती फोनवर आजोबांवर ओरडतेय:
"आकडा सांगू नका हं!
मी येऊन मोजेन."